पाहुणे आलेत वाटतं

“पाहुणे आलेत वाटतं,” अँटेना म्हणाला. हेडफोनचा एक कान त्याने बाजूला सरकवला होता आणि तोंड माझ्याकडे न करता भिंतीकडे केलं होतं. तसं तो नेहमीच करतो. त्याच्या लेखी भिंत आणि मी यांत फरक एवढाच, की मी उलट उत्तर देते. मी म्हटलं, “अजून वर नाही आले. खाली गाडी लावतायत. तुला कोणी सांगितलं?” तो म्हणाला, “सांगायला कशाला हवं? तू चालत आलीस ना आत्ता.” “मग?” “मग काय मग? पाहुणे असले की तू अशी चालतेस. ठक, थप आणि मागून ते खर्रर. एरवी नुसतं ठक-थप.” मी काही बोलायच्या आत त्याच्या समोरचा फोन वाजला, त्याने हेडफोन नीट केला आणि “नमस्कार, मदतवाहिनी, बोला,” असं अगदी मधाळ आवाजात म्हणून तो आमच्या बोलण्यातून निघून गेला.

अँटेनाच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. त्यामुळे आधी वाटलं, सकाळी सकाळी चिडवायला याला दुसरं कोणी सापडलं नाही. पण तो जन्मापासून आंधळा आहे आणि त्याची जागा अगदी लिफ्टच्या तोंडाशी, त्यामुळे आमच्या मजल्यावर पाय ठेवणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या कानात शिरतो. कोण कोणावर उखडलंय, कोणाची रजा नामंजूर झालीय, हे तो पावलांवरून सांगतो आणि पैज जिंकून फुकटचा चहा पितो. म्हणून तर तो अँटेना. म्हणजे तो चुकला असेल असं म्हणायचीही सोय नव्हती. मी पॅसेजमध्ये थोडी पुढे गेले, थांबले, कोणी बघत नाही ना पाहिलं आणि पुन्हा चालले. ठक, कुबडी. थप, उजवा पाय. आणि खर्रर. डावा बूट फरशीवरून घासत येत होता, अगदी आज्ञाधारकपणे. मी त्याला म्हटलं, उचल. उचलला गेला. पुढच्या पावलाला पुन्हा खर्रर. मी ओढत नव्हते हो, शपथेवर सांगते. तो आपणहून येत होता.

बाथरूमची कडी लावून मी कमोडच्या झाकणावर बसले आणि बूट काढून उलटा केला. लंगडेपणाचं मला काही वाटत नाही, असं मी म्हणते तेव्हा ते खरं असतं. डावा पाय जन्मतःच आखूड आणि आत वळलेला. लहानपणी ऑपरेशनं झाली, जाड तळाचा बूट आला, कुबडी आली. या पायाशी माझं जे काय भांडण होतं ते कॉलेजात असतानाच मिटलं. तो त्याचं काम करतो, मी माझं. आणि हा बूट टाचेशी झिजायचा. कायम टाचेशी, बाहेरच्या कडेला. नवा बूट घेतला की आई पहिल्या दिवशीच म्हणायची, बघ हं, आता टाच खाशील. आता टाच जवळपास कोरी होती. पुढचा भाग मात्र घासून घासून आतला पांढरा थर वर आला होता. बूट काही एका दिवसात असा होत नाही. म्हणजे बुटाला माहीत होतं, अँटेनाला माहीत होतं, आणि ज्या बाईच्या पायात तो बूट होता तिला पत्ता नव्हता. मला एकदम इतकी लाज वाटली की मी नळ सोडला, जसं कोणी ऐकत असावं. मग वाटलं, हा नळ तरी कोणासाठी सोडला?

लहानपणी आमच्या घरात एकच मंत्र होता: नीट चाल. जिन्यावर नीट चाल, शाळेच्या फाटकातून आत जाताना नीट चाल, मावशीकडची माणसं येणार आहेत, नीट चाल, लोक बघतायत. आईचा हात माझ्या पाठीवर असायचा आणि बोटांनी ती मला सरळ करत असायची. त्यात दुष्टपणा काही नव्हता. तिला वाटायचं, मी नीट चालले तर लोक मला निदान आत घेतील. आणि मग एक दिवस अपंगत्वाचा दाखला काढायला दवाखान्यात गेलो. बाकावर खूप माणसं होती, कोणाच्या हातात कुबड्या, कोणाच्या मांडीवर पोर. आमचा नंबर आला तेव्हा आई खाली वाकून कानात म्हणाली, “आज नीट चालू नकोस हं, बाळा.” मी तिच्याकडे बघतच राहिले. “लोक बघतायत,” ती म्हणाली, “नीट चालू नकोस.” मी डॉक्टरांच्या टेबलापासून दारापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टर चष्म्याच्या वरून बघत होते, नर्स बघत होती, आणि मी पाय ओढत होते, आणि मला आठवतंय, मला मजा येत होती. पहिल्यांदाच कोणीतरी बघत होतं आणि मी चुकत नव्हते. बाहेर आल्यावर आईने मला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. रस्त्याला लागलो तरी माझा पाय घासतच होता. “पुरे गं आता,” आई म्हणाली, “डॉक्टर गेले मागे.” आम्ही दोघी खूप हसलो. अजूनही मी घरी येते तेव्हा ती जिन्यातल्या आवाजावरून मला ओळखते आणि मी वर पोचायच्या आत दार उघडलेलं असतं. आमच्या घराची बेल मी फारशी वाजवलेलीच नाही.

हे सगळं आजच आठवायला काय झालं होतं, तर आज ती जागा ठरणार होती. आमच्या संस्थेत अपंग मुलामुलींना नोकरीसाठी तयार करतात. मी इथे आले ती अशाच एका वर्गात शिकायला, मग तोच वर्ग शिकवायला लागले, आणि गेलं वर्षभर सगळं प्रशिक्षण मीच चालवतेय, फक्त पदाशिवाय. आता नवीन विभाग निघणार होता, त्याला प्रमुख हवा होता, आणि खर्च उचलणारे पाहुणे येऊन माणूस बघून जाणार होते. बाहेरचा एकजण अर्ज करून बसला होता, याच विषयातली मोठी पदवी घेतलेला, दोन्ही पायांनी व्यवस्थित. त्याच्याशी माझं काही वैर नाही. पण मला ती जागा हवी होती, जीव तोडून हवी होती, आणि मला ती या पायाच्या जोरावर नको होती. वर्गात आम्ही पहिल्याच दिवशी मुलांना एक गोष्ट शिकवतो, तीही मीच ठरवलेली. मुलाखतीला गेलात की आपली कहाणी सांगायची नाही. तुम्ही किती सोसलं, आईने किती कष्ट केले, डॉक्टर काय म्हणाले, काही नाही. काय काम येतं तेवढं सांगायचं. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात ते लिहिलेलं आहे, “कहाणी नको, काम सांगा”, आणि फळा पुसणारे ती ओळ सोडून पुसतात.

मी बाहेर आले ती थेट अँटेनाच्या टेबलाशी. फोन ठेवेपर्यंत थांबले आणि म्हटलं, “कधीपासून?” तो समजला. “मला वाटलं, तुला माहितीय,” तो म्हणाला. “मला कसं माहीत असणार?” “अगं, म्हणजे मुद्दाम करतेस असं वाटायचं मला. मी नाही का करत? पाहुणे आले की काळा चष्मा चढवतो. मला काय उन्हाचा त्रास होतो? काठी पण जरा जास्त आपटतो. एकदा तर एका बाईंनी माझा हात धरून मला माझ्याच खुर्चीत बसवलं. मी बसलो. थँक्यू म्हटलं. पगारातलंच काम आहे ते, बाईसाहेब. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?” त्याने खण उघडून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. “झालो आंधळा,” तो म्हणाला. एरवी मी हसले असते. त्याच्याकडे खण होता. संध्याकाळी तो चष्मा त्यात टाकणार, खण ढकलणार आणि शीळ घालत घरी जाणार. मी माझा पाय कुठल्या खणात ठेवायचा?

तेवढ्यात लिफ्ट आली आणि मोठ्या ताई पाहुण्यांना घेऊन बाहेर पडल्या. आमच्याकडे सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणतात, साहेबगिरी नको म्हणून. फक्त ज्यांच्या सहीने पगार होतो त्या मोठ्या ताई, एवढाच काय तो फरक. पाहुणे दोघंच होते, पांढऱ्या शर्टातले एक शांत गृहस्थ आणि गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई. मोठ्या ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ही आमची मुलगी,” त्या म्हणाल्या. मी वर्ग दाखवायला पुढे झाले. आज मी ठरवलं होतं, माझ्या चालीने चालायचं. आणि पहिल्याच पावलाला माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण माझी चाल कुठली ते मला आठवेना. मी पाय उचलला, तर तो इतका उचलला गेला की कवायत करतेय असं वाटलं. जरा सोडला, तर खर्रर. मधलं काहीतरी होतं, टाच आधी टेकायची आणि कमरेतून एक हिसका बसायचा, हे मला माहीत होतं, पण माहीत असून जमत नव्हतं. जे कधी बघितलंच नाही ते आठवायचं तरी कसं? मागून माळवाल्या बाईंचा आवाज आला, “सावकाश हं, घाई नाही आम्हाला.” अँटेनाच्या टेबलाजवळून जाताना त्याची काठी फरशीवर दोनदा ठाण ठाण वाजली. वर्गात बाईंनी फळ्यावरची ओळ मोठ्याने वाचली. “वा! किती छान विचार आहे. कोणाचा?” मोठ्या ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि बाई म्हणाल्या, “मग तर तुमची कहाणी ऐकलीच पाहिजे.”

मीटिंगच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती एसीसाठी कायमची बंद केलेली आहे. पडद्यावर माझं काम होतं आणि मी ते सांगायला लागले. आमची मुलं नोकरीला लागतात आणि थोड्याच दिवसांत सोडून येतात, ती का, हा माझा विषय. कोणाला वाटतं जिने, कोणाला वाटतं येणंजाणं. तेही आहेच. पण मी मुलांना गाठून गाठून विचारलं, तेव्हा वेगळंच निघालं. “त्यांना तिथे कोणी काम सांगत नाही,” मी म्हणाले. “सगळे फार चांगले वागतात. बसायला चांगली जागा देतात, चहा आणून देतात. कोणी बाहेरचं आलं की बोलावून ओळख करून देतात आणि पुन्हा बसवून ठेवतात.” हे वाक्य मीच लिहिलेलं होतं, कितीदा वाचलेलं होतं. तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ऐकू आलं. माझ्या खांद्यावर अजून मोठ्या ताईंच्या हाताची ऊब होती. मी पाणी प्यायले. पुढचं सांगितलं, वरिष्ठांचंही प्रशिक्षण हवं, त्यांना रागवायला शिकवलं पाहिजे, कामात चूक झाली तर सरळ चूक म्हणायला शिकवलं पाहिजे. पांढऱ्या शर्टाने मान हलवली, पण ती झोप आवरताना हलते तशी. बाई बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत होत्या. मी बोलतेय आणि ते माझ्या पायाकडे बघतायत असंही नव्हतं. ते वाट बघत होते, एवढंच. मोठ्या ताई हसून म्हणाल्या, “हे सगळं आहेच गं कागदावर. जरा तुझं पण सांग ना. दोन मिनिटं.” मी म्हणाले, “ताई, ते प्रस्तावात नाही.” सगळे हसले. “नको असेल तर राहू दे हं,” माळवाल्या बाई म्हणाल्या, “आग्रह नाही अजिबात.” आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. टक्. आता दुपारी तो पदवीवाला येणार, ते टोपण पुन्हा निघणार, आणि मी आयुष्यभर त्याला दादा-दादा करत त्याच्या हाताखाली बसणार, हे त्या टक् मध्ये मला स्वच्छ दिसलं. मी तोंड उघडलं ते वरिष्ठांच्या प्रशिक्षणाचा खर्च सांगायला. बाहेर पडलं ते असं, “माझी शाळा तिसऱ्या मजल्यावर होती, आणि आई मला कडेवर घेऊन चढायची.”

त्यात खोटं काही नाही. शाळा होती, मजला होता, कडेवर घेणारी आई होती. आईची कंबर दुखायची, ती मधल्या वळणावर मला कठड्यावर बसवून दम खायची, मी तिचा घाम पदराने पुसायचे, सगळं खरं. फक्त आता ते मला आठवत नाही, पाठ आहे. कुठे आवाज खाली घ्यायचा, कुठे हसायचं, कुठे पाण्याचा ग्लास हातात घेऊन न पिता ठेवायचा, ते माझ्या तोंडाला माहीत आहे, जसं बुटाला माहीत आहे. “आणि एक दिवस आई म्हणाली, आजपासून तू चढ,” असं मी म्हणते आणि थांबते. पहिल्यांदा ते मी कुठल्याशा सभेत म्हणाले होते, शांतता फार लांबली म्हणून. आई तसं म्हणाली होती का, मला आता सांगता येणार नाही. तिला विचारायची भीती वाटते. माझ्या थांबण्यात माळवाल्या बाईंचा रुमाल निघाला. पांढरा शर्ट पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला. आणि मला, देवा, मला पुन्हा तेच वाटलं, दवाखान्यातलं. लोक बघतायत आणि मी चुकत नाहीये.

जागा मला मिळाली. तिथल्या तिथे, चहाचा दुसरा कप यायच्या आत. “तुमच्यासारखी व्यक्तीच या पदावर हवी,” पांढऱ्या शर्टातले गृहस्थ म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, वाईट माणूस नव्हता तो. “तुम्ही बोलत राहा. आमच्या सगळ्या शाखांमध्ये हे ऐकवलं पाहिजे.” मी विचारलं, “आणि वर्ग? प्रशिक्षण?” मोठ्या ताईंनी माझा हात थोपटला. “त्याची काळजी तू करू नकोस, राणी. तो पदवीवाला मुलगा आहे ना, त्याला देऊ तुझ्या हाताखाली. काम काय, होत राहील.” टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या, कुबडी काखेत धरून. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी एखादी ही गोष्ट घेऊन आली असती, की ताई, मला साहेब केलंय पण काम दुसऱ्याला दिलंय, तर मी तिला म्हटलं असतं, सोडून ये. असं मी बऱ्याच जणींना म्हटलेलं आहे. मी म्हटलं, “थँक्यू, ताई.”

संध्याकाळी निघताना अँटेनाच्या टेबलाशी थांबले. चष्मा खणात गेला होता. “ऐकलं, ऐकलं,” तो म्हणाला. “प्रमुखबाई! आता आम्हाला रजा मागायला तुमच्याकडे यावं लागणार. पार्टी कधी?” मी म्हटलं, “देईन रे. एक सांग. आत्ता मी पॅसेजमधून आले ना, ती कशी आले?” त्याने भिंतीकडे तोंड करून खण उघडला, आतला चष्मा चाचपला आणि खण पुन्हा ढकलला. मग म्हणाला, “लक्ष नव्हतं गं. फोनवर होतो.” हेडफोन त्याच्या गळ्यात लोंबकळत होता आणि फोनचा दिवा बंद होता. मी म्हटलं, “बरं.” तो म्हणाला, “दमली असशील. लिफ्टने जा.”

आमच्या घराच्या जिन्यात दिवसाही अंधार असतो आणि कठड्याचा रंग माझ्या हाताने एका बाजूचा गेलेला आहे. मी खाली उभी राहून आधी दम घेतला. इथे कोणी नव्हतं. खालच्या घराला कुलूप, वरून कुकरचा आवाज, कोणाच्या तरी टीव्हीवरच्या बातम्या. मी ठरवलं, काही ठरवायचं नाही. नुसतं चढायचं. आईला काय सांगायचं त्याचा विचार करत चढले. ती खूश होणार, मावशीला फोन लावणार, मला बोलायला लावणार, आणि मी बोलणार, आणि ती ऐकताना कुठल्या जागी डोळे पुसेल ते मला आत्ताच सांगता येत होतं. तिला सांगावं का, की आई, मला तिथून बाहेर काढ? पण काढ कुठून? नोकरीतून? पायातून? वर पोचले तेव्हा दार बंद होतं. मी जरा वेळ तशीच उभी राहिले. आतून भांडी आवरल्याचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. शेवटी मी बेल वाजवली.

आईने दार उघडलं. केसांवरून हात फिरवलेला, पदर नीट घेतलेला, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे ती आमच्यासाठी कधी वापरत नाही. तिच्या मागे टेबलावरचा पसारा गेलेला होता आणि चांगले कप काढून ठेवलेले होते. “या ना,” ती म्हणाली, आणि मग तिने मला पाहिलं.

“एकटीच?”

“एकटीच.”

“अगं, जिन्यातला आवाज ऐकून मला वाटलं, तुझ्याबरोबर कोणीतरी आलंय,” आई म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून वाकून जिन्यात बघायला लागली. मीही वळून पाहिलं.